सोवळ्यातले टॅप

माझी आयुष्यातली सगळ्यात कडक मुलाखत लालबागच्या एका गाळ्यात, डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसून झाली. समोर ज्या बाई होत्या त्यांच्या सगळ्या नखांना लालभडक रंग होता, फक्त डाव्या अंगठ्याचं नख कोरं. मला वाटलं, लावता लावता बाटली संपली असेल. मी बॅगेतून टॅपचा सेट काढून पुढे ठेवला आणि पाठ केलेलं भाषण सुरू करायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"तू गप्प बस. त्याला बोलू दे."

'तो' म्हणजे टॅप. त्यांनी टॅप उचलला आणि त्याचे दात त्या कोऱ्या नखावरून हलकेच ओढले.

"घसरतोय," त्या म्हणाल्या. "पुढचा."

ते नख त्या रंगवत नसत, कारण ते त्यांचं हत्यार होतं. चांगल्या टॅपची धार नखात अडकते आणि नखाचा केसाएवढा बारीक कीस काढते. वाईट टॅप नखावरून निसटतो. माझे त्या दिवशी सगळेच निसटले.

मी टॅप आणि डाय विकणारा माणूस. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनी कुठल्याही बाटलीचं झाकण काढून बघावं. बाटलीच्या मानेवर बाहेरून जे पीळ असतात आणि झाकणात आतून जे असतात, त्यांना कारखान्यात आटे म्हणतात. दांड्यावर बाहेरून आटे पाडते ती डाय आणि भोकात शिरून आतून पाडतो तो टॅप. अर्ध्या जगाने एकमेकांना धरून ठेवलंय ते या दोघांच्या जिवावर. हे शेवटचं वाक्य मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना ऐकवतोय आणि अजून एकाच्याही डोळ्यांत पाणी आलेलं नाही.

बाईंना गाळ्यांची ती सगळी इंडस्ट्रियल इस्टेट आटेमावशी म्हणायची. माहेर मालवणकडचं, पण जन्म डिलाईल रोडच्या चाळीत, वडील गिरणीत फिटर. गाळा नवऱ्याचा. नवरा गेल्यावर दिरांनी तो विकायचं ठरवलं, तेव्हा मावशींनी आतून कडी लावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लेथवर उभ्या राहिल्या, अशी कथा इस्टेटीत सांगितली जायची. मी एकदा खुद्द त्यांनाच विचारलं.

"कडी मोडकी होती रे," त्या म्हणाल्या. "मी नुसती दाराला पाठ लावून बसले."

गाळ्यात समया बनत. समई दिसते एकसंध, पण असते तुकड्यांची. खाली बैठक, तिच्यावर खांब, वर तेलवातीची तबकडी आणि शेंड्यावर मोर. हे सगळे एकमेकांत आट्यांनी बसतात. आटे सैल असले की समई मान हलवते, तेल सांडतं, आणि घरातल्या सुनेला बोलणी बसतात. "माझ्या समईमुळे आजवर एकाही सुनेने बोलणी खाल्ली नाहीत," असं मावशी नव्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. गिऱ्हाईक सासू असेल तर तिचा चेहरा जरा उतरायचा.

मावशींच्या टेबलाला दोन खण होते. उजव्या खणात जुन्या नऊवारीच्या तुकड्यांत गुंडाळलेले टॅप, एकेकाला वेगळा तुकडा. हे फक्त पितळेत चालवायचे. डाव्या खणात लोखंडासाठीचे, ते आपले डब्यात एकमेकांवर पडलेले. पितळेला धार कोरीकरकरीत लागते. टॅप एकदा लोखंडात शिरला की त्याची ती धार जाते, आणि मग तो पितळेत कापायच्याऐवजी घासत बसतो. हे कुठलाही कारागीर सांगेल. मावशींच्या भाषेत तो टॅप 'बाटला' असं होतं. मी एकदा उजव्या खणातला एक टॅप सहज उचलून समोरच्या लोखंडी नटात घालून बघायला गेलो.

"ठेव," मावशी म्हणाल्या. "तो सोवळ्यातला आहे."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तो टॅप माझ्या हातातून घेतला, पुसला, पुन्हा त्याच्या नऊवारीत गुंडाळला आणि खण बंद केला. नंतर मला चहा दिला, तोही डाव्या खणाच्या बाजूला बसवून.

गाळ्याला लागून मसाल्याची गिरणी होती. लालबागमध्ये कुठलाही गाळा कुठल्या ना कुठल्या मसाल्याच्या गिरणीला लागूनच असतो म्हणा. पण त्यामुळे मावशींकडे जगात कुठल्याही कारखान्यात नसेल असा एक नियम होता: शेजारी मिरची चालू असताना टॅप हातात धरायचा नाही. धणे चालतील, हळद चालेल. मिरची नाही. कारण टॅप कडक असतो, आणि कडक माणसांसारखाच वाकत नाही, एकदम मोडतो. आटे पाडताना हाताला जरा तिरका झटका बसला की तुकडा भोकात अडकून राहतो आणि आख्खा भाग भंगारात जातो. शिंक म्हणजे काय, तिरका झटकाच. शेजारून खकाणा आला की मावशी नाक वर करून वास घ्यायच्या आणि गाळ्यात जाहीर करायच्या, "बेडगी. चहा घ्या." मग सगळं काम थांबायचं.

मावशींचं सगळंच बरोबर असायचं असं अजिबात नाही. मी एकदा सोनेरी मुलामा दिलेले टॅप घेऊन गेलो. तो मुलामा शोभेचा नसतो, त्याने टॅपचं आयुष्य वाढतं, ही खरी आणि सिद्ध झालेली गोष्ट आहे. मावशींनी बॉक्स उघडला, टॅपकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"याला कुठल्या लग्नाला जायचंय?"

"मावशी, नखावर लावून तरी बघा."

"माझं नख असल्या नटव्याला लावणार नाही मी."

तो विषय तिथे कायमचा बंद झाला. भाच्याने एकदा ऑनलाइन मागवून लाल प्लास्टिकच्या पेटीत टॅप-डायचा भलामोठा सेट भेट दिला. पेटीत मावशींनी सुयादोरे ठेवले. टॅपपैकी दोन भिंतीत ठोकून त्यांवर कॅलेंडर आणि छत्री टांगली, एक तुळशीच्या कुंडीत रोपाला टेकू म्हणून खोचला. भाचा आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "फार उपयोगी पडला बघ तुझा सेट."

त्यांच्याकडे मालाला तीनच शेरे होते. 'टाकून दे', 'बघू', आणि 'बरा आहे'. तिसरा असतो असं मी ऐकून होतो. माझ्या वाट्याला तो कधी आला नव्हता.

तर एका श्रावणात मी त्या डुगडुगत्या स्टुलावर बसलेलो असताना मावशींची चाळीतली जुनी शेजारीण आली. ठेंगणी, पदर खांद्यावर घट्ट घेतलेली म्हातारी. तिला स्टूल द्यायला मी उठलो. ती बसली आणि माझ्याकडे दुर्लक्ष करून सरळ बोलायला लागली.

"दोघंही येतील गो तुझ्याकडे. एक खालचा भाग घेऊन, एक वरचा."

गोष्ट अशी होती. चाळ पाडून टॉवर झाला. म्हातारीच्या दोन मुलांना दोन फ्लॅट मिळाले, थोरल्याला खाली, धाकट्याला दहा मजले वर. भांड्यांची वाटणी शांतपणे झाली, कपाटाचीही झाली, आणि वडिलांनी गिरणीच्या पहिल्या बोनसातून आणलेल्या समईवर येऊन सगळं अडलं. दोघांनाही तीच हवी. बोलता बोलता धाकट्याने समईचा वरचा भाग फिरवून काढला आणि लिफ्टने निघून गेला. आता थोरल्याकडे वातीशिवाय खांब आणि धाकट्याकडे खांबाशिवाय मोर. घरात आजवर गणपती एकच बसायचा. यंदा दोघांनी दोन मूर्ती सांगून ठेवल्या होत्या.

"वर्षाचे सहा महिने इथे, सहा महिने तिथे, ते मी करते," म्हातारी म्हणाली. "पण गणपती एकाच वेळी दोन घरी बसले तर मी आरती कुठे म्हणू? लिफ्टमध्ये?"

मावशी थोडा वेळ आपल्या कोऱ्या नखाकडे बघत राहिल्या.

"बघू," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात दोघे भाऊ येऊन गेले. थोरला म्हणाला, वरचा भाग नवा करून द्या, पण माझ्या खालच्या भागाला हात लावू नका, तो बाबांचा आहे. धाकटा म्हणाला, खालचा नवा करून द्या, पण मोराला हात लावू नका, तो बाबांचा आहे. शिवाय दोघांनीही बजावलं की मी आलो होतो हे त्याला सांगू नका. मावशींनी दोघांनाही "बरं" म्हटलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं.

टेबलावर समईचे दोन्ही जुने भाग होते. मावशींनी ते एकमेकांत फिरवले. आवाज नाही, अडथळा नाही, साजूक तुपात फिरावेत तसे आटे बसले.

"नवं कुठलं आणि जुनं कुठलं, हे कळता नये," मावशी म्हणाल्या.

"कुणाला?"

"कुणालाच. जुन्यावरून साचा घेऊन ओतते, लेथवर मापात आणते. पॉलिश सगळ्यांना एकदमच मारते. पोचे जिथे जुन्याला आहेत तिथे नव्याला मी पाडीन. घात होईल तो आट्यांवर. जुने आटे बघितलेस कसे फिरतात? नवे कचकचतात. कचकचले की पकडले गेलो. मग बसव दोन गणपती."

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा डाव कळला आणि मी स्टुलावरून पडायचाच बाकी राहिलो.

"आणि हे आटे इंचातले आहेत, बारीक," त्या म्हणाल्या. "आत्ताचे मिलिमीटरवाले यात दोन फेरे बसतात आणि तिसऱ्याला अडतात. जोर लावलास तर जुने फाटतील. टॅप पण हवा, डाय पण. चतुर्थीच्या आत."

त्या मापाचा सेट नागदेवीच्या हत्यारबाजारात त्याच दुपारी मिळाला. इतक्या सहज मिळाला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मावशींच्या नखावरून तो घसरला. तरी त्यांनी एका भंगार तुकड्यात तो चालवून बघितला. आटे निघाले, पण काठांवर फाटके, आणि डायने दांड्याची जी दशा केली ती चरकातून निघालेल्या उसाची असते. "टाकून दे."

दुसरा मी एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून शोधून आणला. पोलाद उत्तम, नखात अडकला, मी मनातल्या मनात पेढे वाटले. मावशींनी टेबलावर आरशाची काच ठेवली आणि तिच्यावरून टॅप घरंगळत सोडला. सरळ टॅप काचेवरून गुपचूप जातो. हा मान उडवत गेला.

"कंबर लचकतेय याची," मावशी म्हणाल्या. "भोक मोठं करील. समई डुलेल. टाकून दे."

चतुर्थी जवळ येत होती. म्हातारी एक दिवसाआड गाळ्यात येऊन बसायची, काही विचारायची नाही, नुसती बसायची. ती बसली की मला घाम फुटायचा. शेवटी मी आमच्या कंपनीच्या मागे लागलो आणि खास सेट करून घेतला. साध्या टॅपला आधी दात पाडतात आणि मग भट्टीत कडक करतात. भट्टीत तो जरासा आकसतो, पिळवटतो. चांगल्या टॅपचे दात कडक केल्यानंतर चाकावर घासून काढतात, म्हणून ते मापात राहतात. मी तसाच मागवला, तिघांचा सेट: पहिला वाट काढणारा, दुसरा खोली देणारा, तिसरा तळापर्यंत जाऊन सफाई करणारा. डाय अशी, की तिचा स्क्रू फिरवून केसभर घट्ट किंवा सैल करता येईल.

मावशींनी तो नखावर ओढला. नखाचा पांढरा कीस निघाला. काचेवर सोडला, गुपचूप गेला. सगळे दात सारखे चमकतात का ते खिडकीशी धरून बघितलं. मग भंगाराच्या तुकड्यात चालवला, डायने दांडा कापला, दोन्ही एकमेकांत घालून हात सोडला. दांडा स्वतःच्या वजनाने हळूहळू फिरत खाली उतरला. मी तिसऱ्या शेऱ्याची वाट बघत उभा राहिलो.

"बघू," मावशी म्हणाल्या, आणि खऱ्या समईची नवी तबकडी वाइसच्या जबड्यात आवळून टॅपचं हँडल माझ्या हातात दिलं. "टॅप तुझा, तर हात पण तुझा."

मी तेलाची बुदली उचलली. त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली.

"पितळेला तेल नको. ते समईत घालतात."

टॅप भोकावर टेकवतोय तोच शेजारून घमघमाट आला. मावशींनी नाक वर केलं. बेडगी. साचा मोडून झालेला, दुसरी तबकडी ओतायला वेळ नाही, भाऊ संध्याकाळी येणार. मावशी उठल्या आणि गिरणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मला इकडून सगळं ऐकू येत होतं.

"मिरची थांबव रे."

"मावशी, गिऱ्हाईक बसलंय."

"मग त्याचे धणे घाल आधी."

"त्याने धणे आणलेच नाहीत."

"माझ्याकडचे घेऊन जा, मेल्या."

मिरची थांबली, पण हवेत जी होती ती होतीच. मी टॅप सरळ धरून अर्धा फेरा पुढे, किंचित मागे असं सुरू केलं. पितळेचा सोनेरी भुगा हातावर पडायला लागला. पहिला टॅप झाला, दुसरा झाला. तिसरा तळाशी पोचत असताना माझ्या नाकात ती ओळखीची हुळहुळ सुरू झाली. दोन्ही हात हँडलवर. सोडले तर टॅप कलणार. मी मावशींकडे बघितलं असावं, कारण पुढच्या क्षणाला पाच लालभडक नखांचा एक हात माझ्या तोंडावर आला आणि माझं नाक चिमटीत गच्च धरलं गेलं.

"फिरव," मावशी म्हणाल्या.

मी डोळ्यांतून पाणी काढत फिरवलं. टॅप पूर्ण मागे घेऊन बाहेर काढला, टेबलावर ठेवला, तेव्हाच त्यांनी माझं नाक सोडलं. त्यानंतरच्या शिंका मी रस्त्यावर जाऊन दिल्या. लोक बघत होते.

संध्याकाळी दोघे भाऊ एकाच वेळी गाळ्याच्या दारात समोरासमोर आले. मावशींनी दोघांना एकच वेळ दिली होती. आत त्यांची आई स्टुलावर बसलेली. टेबलावर पितळेचे चार भाग झगमगत होते: दोन खालचे, दोन वरचे.

"माझा कुठला?" थोरल्याने विचारलं.

"ओळख," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडून समई न्यायची तर स्वतःच्या हाताने बसवून बघायची, हा नियम आहे."

थोरल्याने एक खांब उचलला, उलटा केला. "याला इथे पोचा आहे. हा बाबांचा."

धाकट्याने दुसरा उचलला. "यालाही आहे."

"हात लावू नका म्हटलं होतं ना," थोरला म्हणाला.

"हात कुठे लावला?" मावशी म्हणाल्या. "मशीन लावलं."

मग दोघे बसवायला लागले. हा वरचा त्या खालच्यावर, तो वरचा या खालच्यावर. प्रत्येक जोडी तुपात फिरल्यासारखी बसत होती. धाकट्याने तर कान लावून ऐकलं. एक कचकच झाली असती तर माझ्या टॅपसकट सगळं मातीत गेलं असतं. झाली नाही. शेवटी दोन समया शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि दोघे भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले.

"आई, तू सांग," थोरला म्हणाला.

"मला चष्म्यानेही दिसत नाही आता," आई म्हणाली.

"मावशी?"

"मला काय विचारतोस. घे एक उचल, तुझी. उरली ती याची."

थोरल्याने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. चुकीची उचलली तर बाबांची समई दहा मजले वर जाणार होती. धाकट्याच्या तोंडावरही तोच हिशेब दिसत होता, फक्त उलट दिशेने.

"गणपतीपुढे बाबांची हवी," थोरला म्हणाला.

"मग मला नको?"

"मी कुठे म्हटलं तुला नको."

शेजारी गिरणीत धणे चालू होते. मग धाकटा टेबलाकडे बघतच म्हणाला, "दोन्ही एकत्र ठेवल्या तर त्यात बाबांची आलीच. सगळेच भाग आले."

"कुठे ठेवणार एकत्र?"

"तुझ्याकडे. तुझा मजला खाली आहे, विसर्जनाला बरं पडतं. पुढच्या वर्षी माझ्याकडे आण."

"तू जी मूर्ती सांगितलीस तिचं काय?"

"सोसायटीच्या हॉलमध्ये देऊ. ते शोधतच आहेत."

"तुझ्या वहिनीला मात्र तू सांग," थोरला म्हणाला, आणि एक समई उचलली. दुसरी धाकट्याने उचलली. मधे आई चालत होती, आणि दोघांना वातींवरून सूचना देत होती.

चतुर्थीला मी थोरल्याच्या घरी दर्शनाला गेलो. आजवर त्यांच्या गणपतीच्या एका बाजूला समई आणि दुसऱ्या बाजूला टेबलफॅन असायचा, असं धाकटा मला सांगत होता. यंदा फॅन स्वयंपाकघरात गेला होता. दोन्ही बाजूंना दोन समया तेवत होत्या आणि म्हातारी मधोमध बसून दोन्हींत तेल घालत होती. मावशी भिंतीशी प्रसादाची वाटी घेऊन बसल्या होत्या. आज डाव्या अंगठ्याच्या नखालाही लाल रंग होता.

मी त्यांच्या शेजारी सरकलो आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, आता तरी सांगा. जुनी कुठली?"

त्यांनी उजवीकडची समई बघितली. मग डावीकडची. पुन्हा उजवीकडची. त्यांच्या कपाळावर मी कधी न बघितलेली एक आठी पडली.

"टॅप बरा आहे रे तुझा," मावशी म्हणाल्या.